उभ्यानं कापणारा माणूस

माझ्या भावाला खुर्चीत बसवून दाखवा अशी पैज कुणी लावली असती, तर चार वर्षांत ती कुणी जिंकली नसती. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, पेपर दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानं. घरी कुणी आलं की वहिनी खुर्ची पुढे करायची, पाहुणा बसायचा आणि हा त्याच्या डोक्यावर असा उभा राहायचा, की पाहुण्याला वाटावं आपण आता निघावं. दोघंतिघं निघूनही गेले. हा म्हणायचा, बरं झालं.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. बाबांचं होतं, आता दादाचं. खाली दुकान, वर दादाचं बिऱ्हाड. मी दोन गल्ल्या पलीकडून रोज सकाळी नऊला येते. दादा कापतो, दोन कारागीर मशीनवर शिवतात, मी काज-बटण करते आणि वहिनी गिऱ्हाइकं सांभाळते. आमच्या धंद्यात कापणाऱ्यालाच मास्तर म्हणतात. शिवणारा कितीही हुशार असो, तो कारागीर. टाका चुकला तर उसवता येतो, कापलेलं कापड काही परत जुळत नाही. जोखीम ज्याची, मान त्याचा. दादाला अख्खी गल्ली मास्तर म्हणते. वहिनीसुद्धा रागावली की 'अहो मास्तर' म्हणते. मी एकटीच दादा म्हणते, आणि तो मला 'बटण' म्हणतो. लहानपणी मी तेवढीच होते म्हणे. आता बावन्न वर्षांची आहे आणि बटण म्हणण्याजोगं माझ्यात काही उरलेलं नाही, पण हाक तीच.

बाबांनी त्याच्या हातात कात्री दिली तेव्हा एकच नियम घातला होता: कापायचं ते उभ्यानं. बसून कापलं की नजर तिरकी पडते, आणि नजर तिरकी पडली की कापड तिरकं. दादानं तो नियम असा पाळला की दुकानात त्याच्यासाठी खुर्चीच नव्हती. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, टेबलापाशी उभा. ताठ, उंच, कानामागे खडू. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. त्याला कधी सांगितलं नाही, डोक्यावर चढून बसला असता.

चार वर्षांपूर्वी त्याची टाच दुखायला लागली. आधी उजवी, मग दोन्ही. टाचेच्या मागे जी जाड शीर वर पोटरीत जाते, ती सुजून बोटाएवढी झाली. सकाळी पलंगावरून उतरला की पहिली वीस-पंचवीस पावलं भिंत धरून टाकायचा. त्या भिंतीवर त्याच्या तळहाताचा एक मळकट पट्टा उमटला होता. वहिनी पुसायची, आठवड्यात परत उमटायचा. तासाभरानं पाय सैल पडायचा आणि दुकानात उतरेपर्यंत साहेब पुन्हा ताठ.

आता गंमत बघा. बसून उठलं की दुखतं आणि चालत राहिलं की कमी होतं, एवढं त्याच्या लक्षात आलं. यावरून शहाण्यानं निष्कर्ष काय काढला? बसणंच वाईट. मग त्यानं बसायचंच सोडलं. बाबांचा नियम होताच जोडीला. वहिनीनं समजावलं, मी भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. 'बटण, ज्याची टाच त्याला कळते,' म्हणायचा आणि खडू उचलायचा.

त्याला दुसरंही एक दुखणं होतं, टाचेच्या कितीतरी आधीचं. कोपरांवर आणि डोक्यात, केसांच्या कडेला, लाल चट्टे आणि त्यावर पांढरा कोंडा. सोरायसिस. लागणारा रोग नाही तो, पण गिऱ्हाइकाला कोण समजावणार? माप घेताना हा माणसाच्या गळ्याजवळ हात नेतो. म्हणून भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, कफाची बटणं लावलेली. काळं कापड कापताना डोक्यातला कोंडा त्यावर पडला, की हा फुंकर मारून म्हणायचा, 'खडूची भुकटी आहे.' बारा वर्षं गिऱ्हाइकांनी ते ऐकून घेतलं. काळ्या कापडावर आम्ही पिवळा खडू वापरतो, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

कातडीसाठी एक डॉक्टर होते, टाचेसाठी दुसरे. कातडीवाले मलम द्यायचे. हाडांच्या डॉक्टरांनी टाचेचा फोटो काढला, म्हणाले, 'टाचेचं हाड वाढलंय,' आणि मऊ चपला, टाचेखाली घालायच्या गाद्या आणि गोळ्या दिल्या. वर सांगितलं की आराम करा. चपला वापरल्या, गोळ्या घेतल्या, आरामाचं मात्र त्यानं आम्हाला घरी येऊन सांगितलंच नाही.

शेवटी एका दुपारी मी माझ्या कानांनी ऐकलं. एक जुनं गिऱ्हाईक, त्याच्या लग्नाचा कोट बाबांनी कापलेला, मुलासाठी कोटाचं कापड घेऊन आलं. दादा म्हणाला, 'कोपऱ्यावरच्या दुकानात द्या. तोही चांगलं कापतो.' वीस वर्षं ज्याच्या कापण्याला दादा नावं ठेवत आला, तो कोपऱ्यावरचा. गिऱ्हाईक गेलं. वहिनी नुसती बघत राहिली. दादा टेबलाला दोन्ही हात टेकून उभा होता, उजवी टाच जमिनीपासून वर उचललेली. तो हळूच म्हणाला, 'अगं, कोट म्हणजे सलग चार तास. नाही निभत आता. कापणं सुटलं तर मला मास्तर तरी कोण म्हणणार?' मी हातातलं काज अर्धवट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, 'गप चल. तू डॉक्टरांसमोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसतोस, हे काय मला माहीत नाही?' बसतोस कुठला, तिथेही उभाच.

डॉक्टरांनी विचारलं, 'आणखी कुठे काही त्रास?'

दादा म्हणाला, 'नाही.'

मी म्हटलं, 'नाही कसं? कोपराचं सांग, डोक्यातलं सांग.'

तर हा माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणतो, 'ते यांचं नाही. ते कातडीवाल्यांचं.'

मी कपाळाला हात लावला. कारण हे कुठून आलं ते मला बरोबर कळलं. आमच्या दुकानात कोट शिवणारा वेगळा आणि पँट शिवणारा वेगळा. कोटाची तक्रार पँटवाल्याला सांगायची नाही, हा शिरस्ता. सांगितली तर पँटवाला म्हणणार माझा काय संबंध, कोटवाला म्हणणार माझ्या कामाची चर्चा दुसऱ्याकडे का केली, आणि दोघं मिळून दोन दिवस तोंड फुगवून बसणार. दादानं तो शिरस्ता उचलून सरळ दवाखान्यात नेला होता. कातडीवाल्यांकडे जाताना पायात मोजे. हाडवाल्यांकडे जाताना बाह्या खाली, कफ बंद. चार वर्षं. दोन डॉक्टर, आणि अर्धा-अर्धा माणूस.

मी उठले आणि त्याच्या कफाचं बटण काढलं. माझ्याच हातचं काज होतं, वेळ लागला नाही. बाही कोपरावर सारली. दादा पुटपुटला, 'हात दाखवून अवलक्षण.'

डॉक्टर खुर्ची सरकवून जवळ आले. मग त्यांनी त्याचे दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगितले आणि नखं बघितली. नखांवर बारीक बारीक खळगे होते. शिवताना बोटात टोपण घालतात, त्याच्यावर असतात तसे. आम्हाला वाटायचं सुया टोचून झाले असतील.

डॉक्टर म्हणाले, 'चार वर्षं हे का नाही सांगितलंत?'

'तुम्ही हाडांचे,' दादा म्हणाला.

डॉक्टरांना हसू आलं की राग आला ते कळलं नाही. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि आम्हाला संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाई वयानं आमच्या पोरींएवढ्या, पण पहिल्याच भेटीत त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं. नुसतं 'बसा' म्हणाल्या आणि हा बसला. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

त्यांनी सांगितलं, कातडीचं आणि टाचेचं दुखणं एकच आहे. सोरायसिसबरोबर येणारा संधिवात. रोगाशी लढायची अंगातली ताकद आपल्याच अंगाशी भांडायला लागते. मी म्हटलं, आमच्या घराण्याची सवयच आहे ती. बाई हसल्या. म्हणाल्या, शीर जिथे हाडाला धरते, नेमकी तिथेच सूज येते. आणि हे दुखणं विश्रांतीनंतर आखडतं, हललं की सैल होतं, म्हणून यांना वाटलं बसणं वाईट. बसणं वाईट नाही. एकाच जागी तासन् तास उभं राहून त्या सुजलेल्या जागेवर ताण देणं वाईट.

दादा खुर्चीत जरा पुढे सरकला. तो म्हणाला, 'म्हणजे कापड ठीक आहे. टाका जिथे धरतो तिथे ओढ बसतेय.'

'अगदी तसंच,' बाई म्हणाल्या.

'उसवेल?'

'सांभाळलं तर नाही. पूर्ण जाईल असं सांगत नाही मी. ताब्यात राहील.'

खोटा दिलासा दिला नाही म्हणून दादानं त्यांच्यावर विश्वास ठेवला. आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चुकून रोज घेतल्या तर घात होतो, म्हणून वहिनी त्या स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवते आणि त्या दिवशी हातावर देते. मधून मधून रक्त तपासायचं. रोज सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी पाय ताणायचे, त्यासाठी दादानं अस्तराच्या कापडाची एक लांब पट्टी कापून घेतली. पट्टी तळव्यात अडकवायची आणि दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायची. कडा दुमडून शिवलेली पट्टी. व्यायामाची असली म्हणून काय, दोरे लोंबलेले त्याला चालत नाहीत.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, हे मी ऐकलं होतं. मुंगी वाटेत एवढी थांबते हे माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी सकाळी भिंत धरणं कमी झालं. वहिनीनं मला हळूच नेऊन दाखवलं, 'वन्सं, बघा, पंधरा दिवस झाले, पुसलेली नाही मी.' भिंत स्वच्छ होती. आम्ही दोघी तिथे त्या भिंतीकडे बघत उभ्या, कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

पण टेबलापाशी उभं राहणं काही सुटेना. सकाळी बरा, दुपारी तीनला शीर परत सुजलेली. बाईंनी या वेळी आवाज चढवला. म्हणाल्या, थोडा वेळ उभं, बाकी बसून, आणि बसताना पाय लोंबता नकोत, जमिनीला टेकलेले हवेत. नाहीतर कापणं सोडा. दादानं दुसरा पर्याय ऐकला. घरी आला, कात्रीला तेल दिलं, फडक्यात गुंडाळली आणि म्हणाला, 'पुढच्या महिन्यापासून कोटवाला कारागीर कापेल. मी त्याला शिकवतो.'

मी म्हटलं, 'आणि तू?'

'मी बटणं लावीन तुझ्याबरोबर.'

विनोद म्हणून बोलला, पण त्याला स्वतःलाच तो पेलला नाही. मला इतका राग आला की काय सांगू. म्हटलं, 'बसून काप ना.' तर म्हणे टेबल उंच आहे, साध्या खुर्चीवरून हात पोहोचत नाही आणि उंच स्टूल घेतलं तर पाय लोंबतात. म्हटलं, 'मग टेबलाचे पाय काप.' तो माझ्याकडे बघतच राहिला. 'बाबांच्या टेबलाला करवत लावशील? ते उभे राहिले तिथे, जन्मभर. कधी पाय दुखला म्हणाले नाहीत.' सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. काज-बटणाचे कपडे तो वहिनीच्या हाती पाठवायचा, चार पावलांवरून.

सुट्टीच्या दिवशी सकाळी वहिनीनं सुताराला बोलावलं. कुणालाही न विचारता, मलाही नाही. मी पोचले तेव्हा टेबलावरचं सगळं सामान खाली उतरवलेलं, दादा दारात हाताची घडी घालून उभा, आणि वहिनी त्याला सांगत होती, 'अहो, टेबल गेलं तर दुसरं करता येईल. तुम्ही कापायचं सोडून या घरात फिरलात तर मला ते बघवणार नाही. काप रे भाऊ तू.'

सुतारानं टेबल आडवं केलं. टेबलाच्या पायांवर रंगाचे थरावर थर होते. चार बोटं मोजून त्यानं पेन्सिलीनं खूण केली, मग थांबला. पटाशीनं जरासा रंग खरवडला. दुसऱ्या पायाचाही खरवडला.

'हे पाय आधीच कुणीतरी वाढवलेत,' तो म्हणाला. 'बघा, इथे जोड आहे. खालचं लाकूड वेगळं. चारही पायांना ठोकळे लावून वर रंग दिलाय. काम मात्र सफाईदार केलंय.'

दादा म्हणाला, 'आमच्या टेबलाला कुणी हात लावलेला नाही.'

सुतार म्हणाला, 'मग लाकूड स्वतःच वाढलं असेल.'

दादा जवळ आला. आणि मग तो खाली बसला. जमिनीवर, पाय पसरून, चार वर्षांत कुणी न सांगता पहिल्यांदा. त्यानं त्या जोडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, 'कापायला लागलो तेव्हा वाकून वाकून माझी पाठ मोडायची. बाबांना सांगितलं तर म्हणाले, एवढ्या वयात कसली पाठ, उभा राहा. पंधरा दिवस रडकुंडीला आलो होतो. मग एका सोमवारी आपोआप थांबली. मला वाटलं मी सहन केलं म्हणून थांबली.'

आणि मला एकदम बाबा दिसले. आमचे बाबा बुटके. शेवटपर्यंत ते टेबलापाशी एका जाड फळीवर उभे राहून कापायचे. आम्ही विचारलं की म्हणायचे, फरशी गार लागते. मी म्हटलं, 'दादा, ती फळी.' त्यानं मान हलवली. त्यालाही तेच आठवलं होतं. आपल्या उंचीचं टेबल पोराच्या उंचीचं केलं, स्वतः फळीवर चढले, आणि कुणाला एका अक्षरानं सांगितलं नाही. आमच्या घरात माया अशीच करतात, चोरून. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. सुतार बिचारा करवत हातात धरून कुणी सांगेल याची वाट बघत उभा होता.

दादानं त्याला सांगितलं, 'ठोकळे काढ. करवत नको, हळू काढ.'

तासाभरात ठोकळे निघाले. टेबल सरळ केलं, दादानं वहिनीची खुर्ची ओढली, बसला, दोन्ही टाचा जमिनीला टेकवल्या. हात टेबलावर पसरले. कोपरापर्यंत नीट आले. त्यानं फडक्यातून कात्री काढली, एक जुना तुकडा घेतला आणि एका दमात सरळ कापत गेला. आम्ही तिघं त्या रेघेकडे बघत होतो. तिरकी कुठेच गेली नाही. वहिनी म्हणाली, 'मास्तर, त्या कोटवाल्या गिऱ्हाइकाला निरोप धाडू का?' तो म्हणाला, 'धाड.' आणि मग पुढे, 'कोपऱ्यावरच्यानं अजून कापलं नसलं तर.'

सुतार हत्यारं गोळा करायला लागला. दादा खुर्चीत वळला. टेबल माझ्या पाठीमागेच आहे, तो कापतो तेव्हा मी त्याच्यापुढे पाठमोरी बसलेली असते.

'थांब जरा,' तो सुताराला म्हणाला. 'हिची बैठक बघून घे. उजेडासाठी मान इतकी खाली घालावी लागते हिला. संध्याकाळी उठताना रोज मानेमागे हात लावून उठते.'

मी म्हटलं, 'माझं काही दुखत नाही.'

'बटण,' तो म्हणाला, 'तीस वर्षं मागून बघतोय मी तुला.'

खरं होतं. सात वर्षं दुखत होती माझी मान. घरी नाही, दवाखान्यात नाही, कुठेच बोलले नव्हते मी. सुतारानं टेप काढली. दादा म्हणाला, 'दे इकडे, माप मी घेतो,' आणि खुर्चीवरून उठला. चार पावलं चालत माझ्यापाशी आला, आणि मला म्हणाला, 'बस. रोज बसतेस तशी बस.' मी बसले.